सैनिकाच्या आयुष्याची नोंद कोण ठेवणार?

पलूस भागातला एखादा जवान महायुद्धात कुठे कामी आला हे शोधायला बसणाऱ्याने आधी आजचा नकाशा बाजूला ठेवावा. सांगली जिल्हा म्हणून शोधाल तर हाती काही लागणार नाही. तेव्हा हा सगळा मुलूख सातारा जिल्ह्यात मोडत होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला, १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. पलूस तालुका तर त्याहून कितीतरी अलीकडचा. आधीच्या पिढ्या कचेरीच्या कामाला तासगावला खेटे घालायच्या. त्यातही गोम अशी की शेजारचे कुंडल तेव्हा औंध संस्थानात होते. बांधाला बांध लागलेल्या दोन गावांतली पोरे एकाच पलटणीत भरती झाली, तरी कागदोपत्री एक इंग्रज सरकारची प्रजा आणि दुसरा औंधच्या पंतप्रतिनिधींची.

युद्धात मेलेल्यांच्या कबरी आणि स्मारके सांभाळण्यासाठी इंग्रजांनी १९१७ मध्ये एक आयोग स्थापला. आज तो राष्ट्रकुल युद्धकबर आयोग म्हणून ओळखला जातो. दुसऱ्या महायुद्धाच्या त्याच्या नोंदवह्यांत सातारा जिल्ह्यातले मराठे जागोजागी भेटतात: एरिट्रियातल्या केरेनला, इटलीतल्या कासिनोला, ब्रह्मदेशात रंगूनला, सिंगापूरला. नोंद कोरडी असते. नाव, हुद्दा, शिपाई क्रमांक, पलटण, मरणाची तारीख, वय. आणि बऱ्याच नोंदींत शेवटी आणखी एक ओळ असते: अमक्याचा आणि अमकीचा मुलगा, अमकीचा नवरा, राहणार अमुक गाव, सातारा.

ही शेवटची ओळ मला फार मोलाची वाटते. त्या एका ओळीत आई आहे, बायको आहे, गाव आहे. परक्या सरकारच्या कारकुनाने, बहुधा चुकीच्या स्पेलिंगने, एका शेतकऱ्याच्या घरातली तीन माणसे लिहून ठेवली. त्याच माणसाच्या गावात आज विचारा. त्याच्या आईचे नाव ग्रामपंचायतीत कुठे लिहिलेले आहे? बायकोचे माहेर कोणते होते, ती पुढे किती वर्षे जगली, कशावर जगली? गावाकडे उत्तर नसते. फार तर कुणीतरी म्हणेल, 'त्यांच्या घरातला एक जण मिलिटरीत होता, परत आला नाही.'

मला जे म्हणायचे आहे ते एवढेच. आपण सैनिकाचे मरण लक्षात ठेवतो आणि आयुष्य विसरतो. घर तर त्याहून आधी विसरतो. हा भावनेचा विषय नाही, दप्तराचा आहे. नोंद ठेवायचे काम गावाचे होते, ते गावाने केले नाही, आणि अजूनही ते करता येण्याजोगे आहे.

पहिल्या महायुद्धाकडे पाहिले की ही हेळसांड कुठून सुरू झाली ते कळते. त्या युद्धात हिंदुस्थानातून दहा लाखांहून अधिक माणसे समुद्रापार गेली आणि सुमारे ७४ हजार परतली नाहीत. साताऱ्याजवळचे अपशिंगे, ज्याला लोक आजही अपशिंगे मिलिटरी म्हणतात, त्या एका गावातले ४६ जण त्यात कामी आले. त्या काळी कृष्णाकाठी आजच्यासारखा ऊस आणि द्राक्षबागा नव्हत्या. पावसाने डोळे वटारले की जिरायत शेतीत खायचे वांधे. शिपायाला महिना ११ रुपये पगार मिळे. घरात तीन भाऊ असले तर एकाने पलटणीत जायचे, हा त्या काळच्या शेतीचाच एक हिशेब होता.

गेलेल्यांतले बरेच मराठे मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये उतरले. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी कुतच्या वेढ्यात अडकल्या. वेढा १४७ दिवस चालला. उपासमारीने कणा मोडल्यावर २९ एप्रिल १९१६ रोजी सैन्य शरण गेले. हिंदी कैद्यांना वाळवंट तुडवत नेण्यात आले. कित्येकांना रस-अल-ऐन इथे रेल्वेच्या कामाला जुंपले. ज्यांना चितेचीही जागा मिळाली नाही अशांसाठी बसऱ्याला एक प्रचंड स्मारक उभे राहिले. त्यावर चाळीस हजारांहून अधिक माणसांची आठवण आहे. पण इंग्रज सैनिकांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावे दगडावर आली, आणि ३३ हजारांहून अधिक हिंदी शिपायांची मात्र फक्त संख्या आली. पलटणीचे नाव, खाली अधिकाऱ्यांची नावे, आणि मग 'इतर इतके शिपाई'. १९९७ मध्ये सद्दाम हुसेनच्या हुकमाने ते स्मारक जागचे उचलून नासिरियाच्या रस्त्यावर ३२ किलोमीटर दूर नेऊन पुन्हा मांडले गेले. म्हणजे ज्यांना नाव नव्हते त्यांची जागाही कायम राहिली नाही.

आपल्याकडच्या गावांत बसवलेल्या शिळाही याच पठडीतल्या. देशभर अनेक गावांत इंग्रजांनी संगमरवरी फरशा लावल्या. मजकूर ठरलेला: या गावातून इतके पुरुष १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. फरशी हातभर रुंद. अक्षरे शिशाने भरलेली किंवा नुसती कोरलेली. आकड्यासाठी मधे मोकळी जागा. प्रत्येक गावासाठी मजकूर तोच आणि आकडा तेवढा वेगळा. चावडीच्या किंवा देवळाच्या भिंतीत ती बसली, पुढे चुन्याचे, मग ऑइलपेंटचे थर चढले, आणि पुष्कळ ठिकाणी आज ती वाचताही येत नाही. वाचता आली तरी त्यातून एकाही माणसाचे नाव कळत नाही.

स्मारकांवरच्या या भेदभावाची कबुली द्यायला युद्धकबर आयोगाला शंभर वर्षे लागली. एप्रिल २०२१ मध्ये त्याच्या समितीचा अहवाल आला. हुद्दा, वंश, धर्म न पाहता सर्व मृतांना समान मान, हे आयोगाचे ब्रीद. प्रत्यक्षात आशिया आणि आफ्रिकेतल्या किमान ४५ हजार मृतांची नोंद असमान पद्धतीने झाली, आणि किमान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत माणसांची नावाने नोंदच झाली नाही, असे त्या अहवालात म्हटले आहे. आयोगाने माफी मागितली. इंग्रजांना दोष देणे सोपे आहे आणि तो द्यायलाही हवा. पण लंडनच्या दप्तरातून नाव गळले तर तो साम्राज्याचा गुन्हा, आणि तेच नाव पोराच्या स्वतःच्या गावातून गळले तर तो कुणाचा, हा प्रश्न माफीने सुटत नाही.

नाव गाळण्याच्या या सवयीचे मूळ इंग्रजांच्याही मागे जाते. आपल्या गावोगावच्या वेशीवर, शिवारात, महादेवाच्या देवळामागे वीरगळ उभे असतात. खालच्या कप्प्यात लढाई किंवा गुरे पळवणाऱ्यांशी झुंज, मधल्यात अप्सरा वीराला वर नेताहेत, वरच्यात तो शिवलिंगाची पूजा करतो आहे. शिल्प म्हणून सुंदर, आणि पराक्रमाची जाण ठेवणारा समाज होता याचा पुरावाही. पण बहुतेक वीरगळांवर नाव नाही. आणि बायको? ती शेजारच्या सतीशिळेवर. कोपरात वाकलेला, बांगड्या ल्यालेला एक हात, बस. म्हणजे वीराचे मरणे हीच त्याची ओळख, आणि त्याच्या बायकोची ओळख त्याच्यामागे मरणे ही. जी मागे राहिली, जिने पोरे वाढवली, दिराशी वाटणीसाठी भांडली, सावकाराचे देणे फेडले, तिच्यासाठी आपल्या परंपरेने एकही दगड घडवला नाही.

आधुनिक काळात वीरगळाची जागा शौर्यपदकाच्या मानपत्राने घेतली. रायगड जिल्ह्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे घ्या. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, त्यांच्या तुकडीतले बाकीचे सगळे जण मशीनगनच्या माऱ्याखाली पडले. घाडगे एकटे पुढे धावले, हातगोळा टाकून मशीनगन बंद पाडली, एकाला गोळी घातली, आणि काडतुसे भरायला वेळ नाही म्हणून बंदुकीच्या दस्त्याने उरलेल्या दोघांना लोळवले. त्यानंतर शत्रूच्या गोळीने ते पडले. वय २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. थडगे नाही, कासिनोच्या स्मारकावर नाव आहे. २०२३ मध्ये इटलीतल्या मोन्तोने या छोट्याशा गावाने त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारले. परक्या देशातल्या लोकांनी ऐंशी वर्षांनी एवढे केले, याचे कौतुकच. तरीही मानपत्राला त्यांच्या आयुष्यातली पाच-दहा मिनिटेच ठाऊक आहेत. बावीस वर्षांतली बाकीची बहुतेक पळसगावात आणि घरच्यांपाशी होती.

पलूसच्या अंगालाच असलेल्या तासगाव तालुक्यातल्या मणेराजुरीचे शिपाई पांडुरंग साळुंखे यांची गोष्टही तशीच. १५ मराठा लाइट इन्फन्ट्रीचा हा जवान १९७१ च्या युद्धात पंजाबच्या सीमेवर पडला. मरणोत्तर महावीर चक्र मिळाले. म्हणजे परमवीर चक्राच्या खालोखालचा मान द्राक्षांसाठी नाव असलेल्या एका गावाकडे आहे. तासगाव-पलूसच्या शाळांतल्या किती पोरांना हे ठाऊक असेल? आणि ज्यांना पदक ठाऊक आहे, त्यांना त्या जवानाची शाळा, त्याचे शेत, त्याच्या घरचे ठाऊक असेल का? पदक राष्ट्रपती भवनात कळते, माणूस गावात कळतो. गावाने माणूस सांगितला नाही तर इतिहासाला पदकावरच भागवावे लागते.

इथे एक आक्षेप येतो आणि या भागात तर तो यायलाच हवा. पलूस-कुंडल हा प्रतिसरकारचा मुलूख. १९४३ पासून क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी आणि त्यांच्या साथीदारांनी इंग्रजांचे राज्य इथे जवळपास खुंटीला टांगले होते. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ सरकारी पगाराचा पैसा नेणारी रेल्वे प्रतिसरकारच्या तुफान सेनेने अडवून लुटली. कुंडलचे कॅप्टन भाऊ, म्हणजे रामचंद्र लाड, त्यात होते. त्याआधी, १० सप्टेंबर १९४२ रोजी, इस्लामपूरच्या मोर्चावर गोळीबार झाला आणि किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातले तरुण इंजिनिअर उमाशंकर पंड्या हुतात्मा झाले. मग विचारणारा विचारतो: इकडे ही माणसे इंग्रजांच्या गोळ्या छातीवर झेलत होती, तेव्हा तिकडे इंग्रजांच्याच पगारावर लढणाऱ्यांची कसली आठवण काढता? पोटासाठी गेले, भाडोत्री होते.

आक्षेप हलका नाही. मी दोघांना एका पारड्यात तोलत नाही. देश सोडवायला मरणारा आणि साम्राज्याच्या फौजेत मरणारा यांचा मान सारखा नसेल, नसावाही. पण मान आणि नोंद या दोन गोष्टी आहेत. मान द्यायचा की नाही हे समाज ठरवतो, पिढीगणिक बदलतोही. नोंद मात्र प्रत्येकाची असायला हवी, कारण ती नसेल तर पुढच्या पिढीला ठरवायलाच काही उरत नाही. आणि पोटासाठी गेला हे खरे असेल, तर पोट का रिकामे होते, घरात कोण कोण खाणारे होते, मनीऑर्डर आली की आधी काय फिटायचे, हेच तर लिहायला हवे. 'भाडोत्री' म्हणून मोकळे होणारा माणूस दुष्काळाचा आणि सावकारीचा इतिहासही सोबत पुसून टाकतो.

शिवाय हे दोन प्रवाह आपण समजतो तितके वेगळे नव्हते. २५ फेब्रुवारी १९४६ रोजी मणदूरच्या चकमकीत पोलिसांशी लढताना दोघे पडले. एक वाळव्याचे किसन अहिर. दुसरा नानकसिंग, आझाद हिंद सेनेतला पंजाबी जवान, जो इथल्या क्रांतिकारकांना शिकवायला आला आणि इथेच मातीला मिळाला. आझाद हिंद सेनेतले बहुतेक जण मुळात इंग्रजांच्याच हिंदी फौजेतले. गणवेश बदलला, माणूस तोच. नानकसिंगाच्या आईला पंजाबात कधी, कुणाकडून कळले असेल? किसन अहिरांच्या नावाने वाळव्यात साखर कारखाना उभा राहिला. त्यांच्याशेजारी पडलेल्याच्या घराची गोष्ट मात्र आपल्या बोलण्यात क्वचितच येते.

आणखी एक थर आहे. ज्यांची नोंद सगळ्यांत आधी गळते ते वेशीबाहेरच्या घरांतले. महारांची भरती इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बंद केली. गरज पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ महार ही पलटण उभी केली आणि १९२१ मध्ये मोडलीही. मग पुन्हा गरज पडल्यावर ऑक्टोबर १९४१ मध्ये महार रेजिमेंट बेळगावात स्थापन झाली. याशिवाय खेचरवाले, पाणके, स्वयंपाकी, डोलीवाले, मजूर तुकड्यांतले लोक. हे बंदूक न धरता मेले म्हणून गावाच्या बोलण्यातही आले नाहीत. गावाने उद्या यादी करायची ठरवली, तर ती पाटलाच्या वाड्यापासून सुरू होऊन बाजारपेठेत संपू नये.

आता घराकडे येतो. कारगिलच्या आधीच्या युद्धांत बहुतेक जवानांवर रणभूमीजवळच अंत्यसंस्कार होत. घरी तार यायची, आणि काही आठवड्यांनी सामान. ज्यांनी अशा घरातली पत्र्याची ट्रंक पाहिली आहे त्यांना आत काय असते ते सांगावे लागत नाही: स्टुडिओतला एक उभा फोटो, ज्यात मागे रंगवलेला पडदा आणि शेजारी कुंडी, पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसची घडीवर फाटलेली पत्रे, पेन्शनचे कागद, मुलाच्या शाळेचा दाखला, आणि नशीब असेल तर पदक. पहिल्या महायुद्धाच्या चांदीच्या पदकाच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, नाव आणि पलटण बारीक अक्षरांत उमटवलेली असते. बसऱ्याच्या भिंतीने जे नाव नाकारले ते घरातल्या पदकाच्या कडेवर होते. अडीअडचणीला सोनाराकडे मोडीत गेलेल्या अशा पदकांबरोबर ते नावही वितळले.

१९९९ मध्ये कारगिलपासून पार्थिव घरी येऊ लागले आणि आठवणीची तऱ्हाच पालटली. आता तिरंग्यातली पेटी येते, पंचक्रोशी लोटते, बंदुकांची सलामी होते, मंत्री येतात, गावाच्या कमानीवर फोटो लागतो. दुःख पहिल्यांदाच सार्वजनिक झाले, ही मोठी गोष्ट. पण त्यातून एक नवाच साचा तयार झाला. वर्षातून दोन वेळा, १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीला, वीरपत्नीला बोलावायचे. ती पदर सावरून खुर्चीच्या कडेवर बसते. निवेदक तिच्या नवऱ्याचे शौर्य सांगतो, शाल-श्रीफळ होते, फोटो निघतो. भाषणे संपेपर्यंत तिला कुणी एक शब्द बोलायला सांगत नाही. आणि दुपारी ती ज्या घरी परतते तिथे शेजारच्या हळदीकुंकवाचे बोलावणे तिला असेलच असे नाही. सकाळी व्यासपीठावर, संध्याकाळी उंबऱ्याबाहेर. याच भागातल्या, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये विधवांच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. वीरपत्नीचा सन्मान म्हणतात तो शालीपेक्षा अशा ठरावात जास्त आहे.

सरकारी नियमही कालपरवापर्यंत याच मनोवृत्तीचे होते. शौर्यपदकाबरोबर मिळणारा भत्ता विधवेने पुनर्विवाह केला की बंद होई. अपवाद एकच, तिने मृत नवऱ्याच्या भावाशी लग्न केले तर चालू. म्हणजे पैसा घरात राहिला पाहिजे आणि बाईनेही घरातच राहिले पाहिजे. ही अट नोव्हेंबर २०१७ मध्ये काढून टाकली गेली. तोपर्यंत किती जणींनी भत्त्यासाठी दीर पत्करला आणि किती जणींनी लग्नाचा विचारच सोडला, याचा कागद कुठेही नाही. शहिदाच्या आयुष्याचा इतिहास लिहायचा तर हाही त्याचाच भाग आहे. त्याच्या मरणाची किंमत एका दिवसात चुकती झाली नाही. ती कुणीतरी चाळीस-पन्नास वर्षे हप्त्याहप्त्याने भरली.

मग करायचे काय? स्मारक बांधू नका असे मी म्हणत नाही. कमान, चौक, पुतळा ज्याला हवा त्याने उभारावा. पण त्याआधी एक वही करा. प्रत्येक ग्रामपंचायतीत एक जाड वही, एका माणसाला दोन पाने. त्यात काय हवे? जन्म, आईबापाचे नाव, बायकोचे नाव आणि माहेर, भावंडे, शाळा कितवीपर्यंत, जमीन किती आणि जिरायत की बागायत, भरती कधी आणि कशामुळे, पलटण, कुठे पडला, बातमी कशी आली, सोबत काय परत आले. आणि दुसऱ्या पानावर पुढचे: घर कुणी चालवले, पेन्शन कधी सुरू झाली, मुले काय झाली, जमिनीचे काय झाले, बाईने पुढे काय केले.

'आता कुठून आणायची ही माहिती?' असे म्हणणाऱ्याला माझे उत्तर आहे की ती तुमच्याच कचेरीत आहे. जवान मेला की जमिनीला वारस लागतात. म्हणजे तलाठ्याच्या दप्तरात, फेरफाराच्या नोंदवहीत आणि गाव नमुना ६-क या वारसा रजिस्टरात त्याची विधवा आणि मुले नावानिशी सापडायला हवीत. गावात झालेले जन्म आणि मृत्यू कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना १४ मध्ये, लिहिले जात, आणि ते पुष्कळदा मोडीत असते. बसऱ्याला मेलेल्याचा मृत्यू त्यात नसेल, पण त्याचा जन्म असेल, आणि त्याच्या मागे गेलेल्या लेकराचा मृत्यूही असेल. शाळेच्या जनरल रजिस्टरात त्याची हजेरी आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात पेन्शनरांच्या नोंदी आहेत. राष्ट्रकुल आयोगाच्या नोंदी कुणालाही पाहायला खुल्या आहेत. तिथे सातारा म्हणून शोधायचे आणि स्पेलिंगशी थोडी झटापट करायची, एवढेच.

आणि जुने दप्तर उपसणे अशक्य आहे असे आता कुणी म्हणू शकत नाही. कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा राज्यभरातली कोतवाल बुके, जनरल रजिस्टरे, फेरफार पुन्हा उजेडात आले, मोडीच्या जाणकारांना शोधून शोधून बोलावले गेले. दाखल्याची गरज पडली तेव्हा आपल्याला शंभर वर्षांपूर्वीचा पणजोबा त्याच कागदांत सापडला. पलटणीत गेलेला त्याचा भाऊही तिथेच शेजारच्या पानावर आहे. त्याच्या नोंदीने कुणाला दाखला मिळत नाही, म्हणून त्याला कुणी शोधले नाही, इतकेच.

यात एक सावधगिरी मात्र हवी. जुन्या युद्धांतल्या माणसांबद्दल गाव मोकळेपणाने लिहू शकते. अलीकडच्या हुतात्म्यांच्या घरी जाताना पहिला हक्क घरच्यांचा. काय लिहायचे, काय नाही, हे त्यांनी ठरवावे. ज्या बाईने दुसरे लग्न केले तिच्या नव्या संसारात गावाने नाक खुपसू नये. ज्या आईला बोलायचे नाही तिच्यापुढे मोबाइल धरू नये. आठवण ठेवण्याच्या नावाखाली घरच्यांना कायमचे शोकात बसवणे हाही अन्यायच आहे. वीरमातेलाही सुनेवर रागावण्याचा, पेन्शनच्या वाटणीवरून भांडण्याचा आणि मुलाच्या आठवणीशिवाय एखादा दिवस घालवण्याचा अधिकार आहे. ती देवी नाही. तिला देवी केले की तिचे ऐकण्याची जबाबदारी संपते.

हे काम फार थांबण्यासारखे नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या जवानांच्या बायका आता जवळपास राहिल्या नाहीत. त्यांची मुले ऐंशी ओलांडून गेली. १९६२, ६५ आणि ७१ च्या विधवा सत्तरी-ऐंशीत आहेत. जे कागदात नाही ते फक्त त्यांच्या तोंडी आहे: तार वाचून दाखवायला गावात कोण होता, त्या वर्षी पेरणी कुणी केली, कुणी मदतीला धावले आणि कुणी बांध कोरला.

म्हणून पलूसच्या, कुंडलच्या, तासगावच्या आणि तुमच्या गावच्या सरपंचांना, ग्रामसेवकांना, मुख्याध्यापकांना विनंती एकच. येत्या ग्रामसभेत हा विषय घ्या आणि वहीचा ठराव मंजूर करा. शाळेतल्या वरच्या वर्गांतल्या मुलांना दोन-दोनच्या जोडीने माजी सैनिकांच्या आणि शहिदांच्या घरी पाठवा. पहिल्या पानावर नाव लिहाल तेव्हा हुद्दा आणि पदकाच्या आधी त्याच्या आईचे नाव लिहा. याला निधी लागत नाही, मंत्र्याची वेळ घ्यावी लागत नाही, कुणाची परवानगी लागत नाही. एक वही आणि ऐकून घेणारी चार माणसे पुरतात.